जरुब्बाबेलची यादी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आणि पंचगंगा दोघीही एकदमच अंगावर आल्या, तेव्हा कुरुंदवाडची माणसं घराला कुलूप लावून बाहेर पडली. कोणी पै-पाहुण्यांकडे गेलं, कोणी छावणीत. पाणी ओसरलं आणि सगळे परतले, तर घरात घोटाभर गाळ आणि भिंतीवर छातीच्या उंचीला पाण्याची रेघ. गाळ काढायच्याही आधी एक काम बऱ्याच घरांतून झालं. पेटीतली भिजलेली कागदं एकेक सुटी करून खाटेवर वाळत घातली गेली. रेशनकार्ड, आधार, सातबारा, घरफाळ्याची पावती. पंचनामा व्हायचा होता, याद्या लागायच्या होत्या. त्या दिवसांत भेटणारा माणूस ख्यालीखुशाली नंतर विचारायचा, आधी विचारायचा, ‘यादीत नाव आलं का?’

थोड्या दिवसांच्या परतीला एवढा कागद लागतो. अडीच हजार वर्षांपूर्वी एक अख्खा समाज जवळजवळ पन्नास वर्षांनी आपल्या गावी परतला, तेव्हाही पुढाऱ्यांनी पहिलं काम केलं ते यादीचंच. बायबलच्या एज्राच्या पुस्तकातला दुसरा अध्याय म्हणजे ही यादी. कीर्तनकार असो वा पाद्री, हा अध्याय कोणी वाचून दाखवत नाही. नुसती नावं आणि आकडे. पण परतीचा खरा इतिहास त्या नावा-आकड्यांत आहे, पुढच्या रोमहर्षक प्रसंगांत तितका नाही.

आधी मागचं थोडं. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सरनं यहूदाचा कोवळा राजा यहोयाखीन याला धरून नेलं. अकरा वर्षांनी त्याच्या फौजांनी यरुशलेम पाडलं, शलमोनाचं मंदिर जाळलं आणि उरलेसुरले कर्ते लोक हाकून नेले. कैदेतल्या राजाचं काय झालं हे सांगायला बायबलखेरीज आणखी एक साक्षीदार आहे. बाबेलच्या उत्खननात राजवाड्याच्या कोठाराच्या मातीच्या पाट्या सापडल्या, रोजचा शिधा कोणाला किती दिला याच्या. त्यांत यहूदाचा राजा यहोयाखीन आणि त्याचे पाच मुलगे यांच्या नावावर तेल मोजून दिल्याची नोंद आहे. सिंहासन गेलं, राज्य गेलं, पण कारकुनानं ‘राजा’ ही पदवी तेवढी राहू दिली आणि पुढं तेलाचं माप लिहिलं.

जरुब्बाबेल या यहोयाखीनचा नातू. नावाचा अर्थच बाबेलचं बीज. आजोबा कैदेत गेले, नातू तिथलंच नाव घेऊन मोठा झाला.

इ.स.पू. ५३९ मध्ये इराणच्या कोरेशनं बाबेल जिंकलं. मराठी बायबलातला कोरेश म्हणजेच इतिहासाच्या पुस्तकांतला सायरस. पकडून आणलेल्या लोकांना त्यांच्या देवांसकट आपापल्या मुलखात जाऊ द्यायचं, असं त्याचं धोरण होतं. त्याची साक्ष असलेली वीतभर लांबीची मातीची नळकांडी १८७९ मध्ये बाबेलच्या अवशेषांत सापडली. ती एरवी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये असते. २०१३ च्या डिसेंबरात ती मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आली, तेव्हा पारशी मंडळी कौतुकानं बघायला जात होती. त्या नळकांडीवर ज्यूंचं नाव नाही, हेही सांगायला हवं. इतर मंदिरांची, इतर देवांची नावं आहेत. यरुशलेमच्या परवानगीची गोष्ट एकटं बायबल सांगतं, पण ती कोरेशच्या एकूण वागण्यात बसते.

मग निघाले. मंदिरातून लुटून आणलेली सोन्या-चांदीची भांडी शेशबस्सर नावाच्या सरदाराच्या हवाली झाली, एकूण नग ५,४००. लोकांचं पुढारपण जरुब्बाबेल आणि मुख्य याजक येशूवा यांच्याकडे. माणसं ४२,३६०, शिवाय दासदासी ७,३३७ आणि गाणारे-गाणाऱ्या २००. घोडे ७३६, खेचरं २४५, उंट ४३५ आणि गाढवं ६,७२०. या शेवटच्या आकड्यावरून मिरवणुकीचा थाट कळतो. जिथे घोड्याच्या नऊपट गाढवं आहेत तिथे विजयी सेना नव्हती, बिऱ्हाडं होती.

आता गंमत बघा. हीच यादी नहेम्याच्या पुस्तकात पुन्हा येते आणि दोन्ही प्रतींचे आकडे जुळत नाहीत. गाणारे इथे २००, तिथे २४५. एकूण बेरीज दोन्हीकडे ४२,३६० दिली आहे, पण घराण्यांचे आकडे कोणी चिकाटीनं मिळवले तर एज्राच्या यादीत २९,८१८ भरतात आणि नहेम्याच्या यादीत ३१,०८९. नकला करताना लेखनिक चुकले असतील, बायका-मुलं वेगळी धरली असतील. पंडितांनी यावर पुष्कळ शाई खर्च केली आहे. पूरग्रस्तांच्या याद्या दोन दोनदा झालेल्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना याचं फार नवल वाटू नये.

यादीच्या शेवटी मात्र खरी मेख आहे. तेल-मेलह, तेल-हर्शा वगैरे गावांहून काही लोक आले होते. आपण इस्राएलपैकीच आहोत हे त्यांना दाखवता येईना. एका प्रतीत ते ६५२ आहेत, दुसऱ्या प्रतीत ६४२. म्हणजे ज्यांच्या असण्याबद्दलच शंका होती, त्यांच्यातलीही दहा माणसं नक्कल करताना हरवली. याजकांमध्येही तीन घराणी अशी निघाली : हबया, हक्कोस आणि बर्जिल्लय. या बर्जिल्लयांच्या मूळ पुरुषानं गिलादातल्या एका बड्या घरची मुलगी केली होती आणि सासरचंच आडनाव लावलं होतं. घरजावई झाल्याची किंमत पुढच्या पिढ्यांनी अशी मोजली. वंशावळीचे कागद शोधले, सापडले नाहीत. सुभेदारानं निर्णय दिला की उरीम आणि थुम्मीम घेऊन याजक उभा राहीपर्यंत यांनी पवित्र नैवेद्यातलं खायचं नाही. उरीम-थुम्मीम म्हणजे देवाचा कौल घेण्याची साधनं. कोकणातला गुरव कौल लावतो तसंच काहीसं. अडचण एवढीच होती की परतलेल्यांत तो कौल लावणारा कोणी उरलाच नव्हता. सरकारी भाषेत सांगायचं तर प्रकरण पुढील आदेशापर्यंत प्रलंबित.

सुभेदाराचं नाव त्या ओळीत दिलेलं नाही. पण हग्गय संदेष्टा जरुब्बाबेललाच यहूदाचा सुभेदार म्हणतो, तेव्हा हा निवाडा त्याच्या कारकिर्दीतला धरायला हरकत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या वाचकाला हा प्रसंग परका वाटायचं कारण नाही. या जिल्ह्याची गादीच एका परतीच्या भांडणातून जन्माला आली. १६८९ मध्ये रायगड पडला, येसूबाई आणि लहानगे शाहू मोगलांच्या छावणीत गेले. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये शाहू सुटून दक्षिणेत आले, तेव्हा ताराबाईंच्या पक्षानं सवाल टाकला, हा खराच शाहू कशावरून? तोतया असेल. परसोजी भोसले त्यांच्या ताटात जेवले. एका ताटात जेवण्याइतकी दुसरी शाबिती त्या काळात नव्हती, मग बाकीचे सरदार हळूहळू वळले. खेडच्या लढाईनंतर साताऱ्याला एक गादी झाली, पन्हाळा-कोल्हापूरला दुसरी. आजोबांचं राज्य, नातवाची कैद, परत आल्यावर ओळखीचा वाद. जरुब्बाबेल आणि शाहू यांच्यात बावीस शतकांचं अंतर आहे, तरी अडचण एकाच जातीची आहे.

परतलेल्यांनी यरुशलेमला मंदिराचा पाया घातला त्या दिवशीचं चित्र बायबलात दोन-तीन ओळींत आहे आणि ते विसरता येत नाही. ज्या म्हाताऱ्यांनी जुनं मंदिर डोळ्यांनी पाहिलं होतं ते मोठमोठ्यानं रडायला लागले. ज्यांनी पाहिलं नव्हतं त्यांनी आनंदाची आरोळी ठोकली. दोन्ही आवाज असे मिसळले की लांबून ऐकणाऱ्याला रडणं कुठलं आणि ओरडणं कुठलं हे कळेना.

मग शेजारी आले. आम्हीही याच देवाला भजतो, आम्हाला हात लावू द्या, म्हणाले. जरुब्बाबेल आणि येशूवानं नकार दिला. हा नकार महाग पडला. दुखावलेल्या शेजाऱ्यांनी तक्रारी केल्या आणि काम पंधराएक वर्षं रखडलं. इ.स.पू. ५२० मध्ये हग्गय आणि जखऱ्या या दोन संदेष्ट्यांनी लोकांना टोचून बोलून पुन्हा उभं केलं, तर वरचा प्रांताधिकारी तत्तनय चौकशीला आला. परवानगी कोणाची, आणि बांधणाऱ्यांची नावं सांगा! इथेही यादी मागितलीच. पण हा गृहस्थ सरळ होता. काम बंद न पाडता त्यानं दारयावेश राजाला लिहिलं की कोरेशनं खरोखर हुकूम दिला होता का, हे दफ्तरात बघावं. बाबेलात शोधाशोध झाली. कागद निघाला तो भलतीकडेच, अखमथाच्या किल्ल्यात. हे आजचं इराणमधलं हमदान. मंदिराची उंची-रुंदी साठ-साठ हात आणि खर्च सरकारी खजिन्यातून, असं त्यात लिहिलेलं होतं. जुनी फाईल दुसऱ्याच कचेरीत सापडावी आणि तिनं सगळा खटला फिरवावा, असं क्वचित घडतं. तिथे ते घडलं. इ.स.पू. ५१५ च्या सुमारास मंदिर पुरं झालं.

पुरं झालं त्या प्रसंगात जरुब्बाबेलचं नाव नाही. हग्गयनं त्याला देवाच्या बोटातली मुद्रिका म्हटलं होतं, दाविदाच्या वंशाचा म्हणून लोकांच्या आशा वाढल्या असणार. त्यानंतर तो एकदम पानावरून नाहीसा होतो. मेला, परत बोलावला गेला की इराणी दरबारानं बाजूला केला, याबद्दल अंदाज बांधणारे पुष्कळ आहेत.

त्याच्यानंतर दोन पिढ्यांनी शास्त्री एज्रा आला आणि त्याच्या मागोमाग राजाचा प्यालेदार नहेम्या. नहेम्यानं यरुशलेमचा कोट ५२ दिवसांत उभा केला. रात्री मोजकी माणसं घेऊन जनावरावर बसून पडक्या भिंतींची पाहणी करणारा हा माणूस व्यवहारी होता. सावकारीत गहाण पडलेली शेतं त्यानं कुळांना परत द्यायला लावली. एज्राची गोष्ट वेगळी. परतलेल्यांनी आसपासच्या बायका केल्या आहेत हे कळल्यावर त्यानं डोक्याचे केस उपटले. हिवाळ्यातल्या भर पावसात लोकांना चौकात बसवलं. ती माणसं धाकानं आणि गारठ्यानं कापत होती, असं ग्रंथ स्वतःच सांगतो. तीन महिने चौकशी चालली. परक्या बायका करणाऱ्या शंभरावर पुरुषांची नावनिशीवार यादी झाली आणि त्या बायका-मुलांना दूर करायचं ठरलं. पुरुषांची नावं आहेत. बायकांपैकी एकीचंही नाही.

ही यादी बंद होऊन चोवीस शतकं उलटल्यावर तिचं एक पान पुन्हा उघडलं. या वेळी उत्तरं मराठीत द्यावी लागली.

ती देणारे होते कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, बेने इस्रायल. परंपरा अशी की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. प्रेतं तिथेच पुरली. धर्मग्रंथ समुद्रात गेले. लोक घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावानं त्यांना शनवार तेली म्हटलं. गावावरून आडनावं पडली : केहीमकर, राजपूरकर, दिवेकर, अष्टमकर. हिब्रू विसरली, पण ‘शमा’ प्रार्थना, सुंता आणि शनिवार राहिला. खवले आणि पर नसलेली मासळी घरात येत नसे. दावीद राहाबी नावाच्या, बाहेरून आलेल्या ज्यू माणसानं बायकांना मासळी निवडायला लावून त्यावरूनच त्यांना ओळखलं, अशी आठवण समाजात सांगतात. यहोयाखीनच्या नावावर तेलाचं माप होतं आणि यांच्या नावावर तेलाचा घाणा होता. योगायोगच, पण लिहिल्यावाचून राहवत नाही.

१७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत मांडवीला त्यांचं पहिलं प्रार्थनामंदिर बांधलं. सिनेगॉगला हे लोक मराठीत मशीदच म्हणत. एकोणिसाव्या शतकात जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. १८८० च्या सुमारास तर कीर्तनं सुरू झाली, पूर्वरंग-उत्तररंग, साकी-दिंडीसकट, आख्यान मात्र अब्राहामाचं किंवा योसेफाचं. नरसोबाच्या वाडीला कीर्तन ऐकलेल्या माणसाला तिथे बसवला असता तर चाल त्याला लगेच सापडली असती, पात्रं ओळखायला थोडा वेळ लागला असता.

या समाजाला इथून कोणी हाकललं नव्हतं. बाबेलशी तुलना करताना हे विसरता कामा नये. तरीही १९४८ मध्ये इस्रायल झालं आणि लोक निघू लागले. इंग्रजांच्या पलटणीत, रेल्वेत, कचेऱ्यांत नोकऱ्या केलेल्यांना पुढं काय या काळजीनं घेरलं होतं, आणि रोजच्या प्रार्थनेत यरुशलेमचं नाव होतंच. त्या वेळी ते सुमारे २० हजार होते.

त्यांच्यातले बरेच बेरशेबाला, लोदला, पुढं दिमोनाला, अश्दोदला पोचले. वाळवंटातली वस्ती, अंगमेहनतीची कामं आणि रंगावरून टोमणे. १९५१ मध्ये काहीजणांनी ठिय्या दिला आणि मागणी केली की आम्हाला भारतात परत पाठवा. १९५२ मध्ये शंभराहून थोडे अधिक लोक विमानानं मुंबईला आणलेही गेले. परतीहून परतलेली माणसं! त्यांच्यातले पुष्कळजण काही वर्षांनी पुन्हा इस्रायलला गेले. आणखी एक नोंद इथेच हवी. हे ज्या बेरशेबात उतरले ते १९४८ च्या ऑक्टोबरपर्यंत अरबांचं गाव होतं. त्या रहिवाशांच्या परतीची यादी कधी निघाली नाही.

खरा घाव पुढं बसला. इस्रायलमध्ये ज्यूंची लग्नं धर्मपीठाच्या हातात. बेने इस्रायल मुला-मुलींची इतर ज्यूंशी लग्नं लावायला काही रब्बी नकार देऊ लागले. १९६१ च्या ऑक्टोबरात मुख्य धर्मपीठानं निर्वाळा दिला की अशी लग्नं होऊ शकतात. सुटकेचा निःश्वास टाकावा, तोच १९६२ च्या फेब्रुवारीत अंमलबजावणीचे नियम आले. अर्जदाराची आई, आजी, तिच्याही मागे जमेल तितकं जाऊन बघायचं, कोणी परधर्मातून आलं होतं का. आधीच्या पिढीत धर्मशास्त्राप्रमाणे काडीमोड न घेता कोणी दुसरं लग्न केलं होतं का. शंका आली तर धर्मन्यायालयाकडे.

आजीची आजी कोण, या प्रश्नाला कोकणात उत्तर मिळतं ते गावाच्या नावात. ती रेवदंड्याची होती, ती पेणची होती. दाखला कुठून आणणार? ज्यांनी शतकानुशतकं घाणा शनिवारी थांबवला त्यांना तेल-मेलहच्या लोकांच्या रांगेत उभं केलं गेलं.

अर्थात या समाजाचा स्वतःचा हिशेबही अगदी चोख नव्हता. त्यांच्यात गोरे आणि काळे असे दोन भाग होते. आई दुसऱ्या जातीची असलेल्यांची संतती ती ‘काळे’. त्यांच्याशी सोयरीक नाही, पंगतीला एकत्र बसणं नाही. जो प्रश्न जेरुसलेमच्या रब्बींनी यांना विचारला, तोच हे अलिबाग-पेणच्या गावांतून आपल्याच माणसांना विचारत आले होते. विसाव्या शतकात तो भेद सैल पडला, पण एज्राची सावली कोकणापर्यंत पोचली होती हे खरं.

लढा मात्र त्यांनी नेटानं दिला. नेते पुढं आले, समित्या झाल्या, निवेदनं गेली. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये ठिय्या सुरू झाला, बायका-मुलांसकट. या वेळी मागणी भारतात परत पाठवा अशी नव्हती. आम्ही पूर्ण ज्यू आहोत, आमचं नाव त्या नियमांतून काढा, एवढीच होती. पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्यापर्यंत प्रकरण गेलं. १७ ऑगस्टला इस्रायली संसदेनं खास बैठकीत ठरवलं की बेने इस्रायल सर्व बाबतींत ज्यू आहेत आणि धर्मपीठानं त्यांच्या मनातली अन्यायाची भावना दूर करावी. दोन आठवड्यांत, ३१ ऑगस्टला, धर्मपीठानं नियमांतला ‘बेने इस्रायल’ हा शब्द काढला. नियम राहिला. ज्यांच्याबद्दल शंका असेल अशा कोणालाही तो लागू, असं मोघम शब्दांत लिहिलं गेलं. फाईल बंद करायची ही रीतही मराठी वाचकाला ओळखीची आहे.

आज त्यांची नातवंडं तिकडे हिब्रू बोलतात. नोहा मस्सील यांच्या संपादनाखाली ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक तिथे निघत आलं. एलियाहू हनावी या संदेष्ट्याच्या नावानं पोह्यांचा गोड मलिदा अजून केला जातो, वर ओलं खोबरं आणि बाजूला फळं मांडून. जे इस्रायलला गेले नाहीत त्यांच्यात इंग्रजीत लिहिणारे कवी निस्सीम इझिकेल होते, सिनेमातले डेव्हिड होते. बाबेलातही पुष्कळ लोक राहिलेच. निप्पूरला सापडलेल्या मुराशू पेढीच्या मातीच्या पाट्यांवर, कोरेशच्या हुकुमानंतर शंभरएक वर्षांनीही, जमिनी कसणारे आणि कर भरणारे ज्यू नावानिशी दिसतात. २०११ च्या जनगणनेत भारतभरचे ज्यू पाच हजारांच्या आत भरले.

आणि त्या हक्कोस घराण्याचं काय झालं, ज्यांना नैवेद्याला हात लावू दिला नव्हता? एज्रा यरुशलेमला पोचला तेव्हा त्यानं आणलेलं सोनं-रुपं मंदिरात तोलून घेणारा याजक होता उरीयाचा मुलगा मरेमोथ. नहेम्याच्या पुस्तकात कोट बांधणाऱ्यांची आणखी एक यादी आहे, कोणी कुठला भाग दुरुस्त केला त्याची. तिच्यात हा मरेमोथ दोनदा येतो आणि दोन्ही वेळा नाव पूर्ण लिहिलं आहे, मरेमोथ, उरीयाचा मुलगा, हक्कोसचा नातू. मधल्या काळात कोणी कौल लावला याची नोंद नाही. एक भाग त्यानं मासळी-वेशीशेजारी बांधला आणि दुसरा मुख्य याजकाच्या घराच्या दारापासून त्या घराच्या टोकापर्यंत.